मेण न लागलेली रेघ

वाटी पडली.

पितळेची वाटी, ओतारआळीतली, ओतणाऱ्याच्याच घरातली. तिचा नाद पडल्यापडल्या संपणारा नव्हता. फरशीवर आदळून ती काठावर उभी राहिली, गरगरली, गरगरत गरगरत आपल्याच वर्तुळात लहान लहान होत गेली आणि अखेरीस एक बारीकशी थरथर मागे ठेवून निजली. सकाळच्या त्या घराचं मौन तेवढ्यापुरतं उसवलं आणि पुन्हा आपलं आपण शिवलं गेलं.

बाहेर नुकत्याच लागलेल्या भाद्रपदाची सकाळ होती. रात्रभर गळून रिकामं झालेलं आभाळ आरुणी नदीच्या पाण्यावर वाकून आपलं धुतलेलं तोंड पाहत होतं. कोवळं, केशरी, पाणावलेलं ऊन करंजपूरच्या कौलांवरून ओघळत ओतारआळीत उतरत होतं आणि दारोदार वाळत मांडलेल्या समयांच्या, घंटांच्या, निरांजनांच्या अंगावर चमकत होतं. पितळ पिवळं. ऊन पिवळं. भिंतींच्या पायथ्याचं शेवाळ तेवढं हिरवं, गडद, मखमली. ओल धरून बसलेलं, सगळं शहर सुकलं तरी न सुकणारं.

हर्षदाने शेगडीपुढून मान वळवली.

फडताळापाशी दुर्वा उभी होती. पाच वर्षांची व्हायला आलेली, एक वेणी सुटलेली, एक घट्ट.

"मी नाही पाडली. तिनेच उडी मारली," दुर्वा म्हणाली. मग जरा थांबून, लपवता न येणाऱ्या अभिमानाने, "आई, माझा हात पोचला."

पोचला होता खरा. तिसऱ्या फळीपर्यंत, टाचा न उचलता. परवापरवापर्यंत तिला पाट लागत होता. श्रावणात वेल वाढतात तशी पोर वाढली होती. न सांगता, न विचारता, कुणाचं लक्ष नसताना.

आणि त्या क्षणी, दूध वर येऊन पातेल्याच्या काठाशी थबकावं तसा एक प्रश्न हर्षदाच्या गळ्याशी येऊन थबकला. मिहिरचा हात इथवर पोचायचा?

तिने आठवून पाहिलं.

आठवेना.

मिहिर तिचा थोरला. तीन वर्षांमागे भाद्रपदात आरुणीला मोठा पूर आला, तो ओसरला, घराघरांतून चिखल उपसला गेला, आणि त्या चिखलामागून जो ताप आला त्यात पितृपंधरवड्याच्या एका दुपारी मिहिर गेला. सावळा, काटकुळा, झोपेतसुद्धा हसणारा. त्याच्या डोळ्यांखालचा तीळ तिला आठवत होता. त्याच्या तळव्यांचा ओला मातीचा वास आठवत होता. केसांतला भोवरा, कानाच्या पाळीची पारदर्शक लाली, ताप चढल्यावर ओठांवर आलेली ती पांढरी कोरड. सगळं आठवत होतं, हवं तेव्हा आणि नको तेव्हा.

उंची मात्र आठवत नव्हती.

कारण आईच्या आठवणीत लेकरू उभं कधी नसतंच. ते कडेवर असतं, मांडीवर असतं, खांद्यावर मान टाकून निजलेलं असतं. ते धावत येतं आणि पायांना मिठी मारतं, आणि आई वाकते. ती इतकी वाकते, इतक्या वेळा वाकते, की लेकरू तिला कुठवर लागत होतं हे तिच्या देहाला कधी कळतच नाही.

घराला विचारावं, तर घर बदललेलं. पुरानंतर ओतारआळीतल्या साऱ्या फळ्या, फडताळं, देव्हारे हातभर वर सरकले होते. पुन्हा पाणी आलंच तर देव तरी कोरडे राहावेत म्हणून. दाराच्या कडीला विचारावं, तर दारच नवं. कपडे दवाखान्यातून सांगितल्यावर जाळले. फोनमधले फोटो पाण्यासंगे गेले. उरलेल्या एका फोटोत तो आजोबांच्या मांडीवर बसलेला, बसलेलाच.

आणि आकडा तर कुणीच घेतला नव्हता. नदीकाठच्या या आळीत लेकराची उंची पट्टीने मोजत नाहीत. आकडा बोलला की नदी तो ऐकते, असं इथल्या बायका म्हणतात. हर्षदा घाटावरच्या गावातली, पदवी घेऊन सून होऊन आलेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला हसू आलं होतं. मिहिर झाल्यावर हसू आलं नाही. आई झाल्यावर माणूस कशाकशाला भितं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मग उंची मोजायची कुठे? पाणवेशीत.

आरुणीच्या उतारावर करंजपूरची पाणवेस आहे. काळ्या कमानीची, रुंद खांद्यांची, नदीकडे तोंड करून शतकानुशतकं ताटकळत उभी राहिलेली. तिच्या आतल्या भिंतीवर शहराने आपले पूर गोंदून ठेवले होते. जिथवर पाणी चढलं, तिथवर एक आडवी रेघ. सर्वांत खाली रांगतं पाणी, त्याच्यावर कमरेचं पाणी, त्याच्यावर मामंजींचं पाणी, कारण त्या पुरात कुण्या सासऱ्याने सुनेला खांद्यावर बसवून बाहेर काढलं होतं. सनावळ्या कुणाला पाठ नव्हत्या. पाण्यांची नावं सगळ्यांना पाठ होती.

आणि त्या पाण्यांच्या मधेमधे लेकरं होती.

दर पिठोरी अमावास्येला ओतारआळीतल्या आया आपापल्या पोरांना त्या भिंतीला पाठ लावून उभं करत. टाचा भिंतीला, डोकं भिंतीला, श्वास रोखलेला. डोक्याच्या टोकाशी खिळ्याने एक बारीक रेघ ओढायची आणि रेघेत मेण भरायचं. मूर्ती ओतायला घरात असतं तेच मेण. मग वर्षानुवर्षं भिंतीला चुना लागला तरी मेणावर चुना ठरत नसे. शुभ्र भिंतीवर लेकरांच्या रेघा मधासारख्या पिवळ्या, जिवंत, उघड्या राहत. आणि ज्या वर्षी एखाद्याची रेघ कमरेच्या पाण्यावर चढे, त्या वर्षी त्या घरातून गूळ-खोबरं वाटलं जाई. पोराने पाणी ओलांडलं, असं म्हणत.

मिहिरची शेवटची रेघ त्या भाद्रपदाच्या आधीच्या पिठोरीची. त्या संध्याकाळी हर्षदाने डोक्यावर पुरणाचं वाण धरून, पाठमोरी बसून, वाण घ्यायला मागे कोण आलंय ते रीतीप्रमाणे विचारलं होतं, "अतीत कोण?" आणि मागून मिहिर म्हणाला होता, "मी. आणि दुर्वा पण. पण तिला बोलता येत नाही, तर तिचं पण मलाच दे."

सगळे हसले होते. नदीही, बहुधा.

त्यानंतर तीन श्रावण आले. भिंतीला चुना लागला, मेण भरलं गेलं. हर्षदा गेली नाही. ज्या भिंतीपाशी साऱ्या आया आपली नांदती लेकरं घेऊन उभ्या, तिथे आपण एका हाताला दुर्वा आणि दुसरा हात रिकामा, असं जाऊन उभं राहायचं; कुणाच्या पोराला आपली सावली लागायची. कुणी तसं बोललं नव्हतं. बोलावं लागतच नाही.

रेघ आहे, एवढं तिला पुरत होतं. पाहिली नाही तरी आहे. जगात एक जागा आहे, जिथे मिहिर अजून उभा आहे.

आणि कालपासून पाणवेशीकडून दगड कापायच्या यंत्राचा आवाज येत होता.

घरामागच्या कारखान्यात केदार, तिचा नवरा, साच्यांपुढे बसला होता. मातीच्या पोटातलं मेण वितळून गेलं की उरते ती नुसती पोकळी. घंटेच्या आकाराची, समईच्या आकाराची. त्या पोकळीत रसरसतं पितळ उतरतं आणि वस्तू होते. केदारच्या घराण्यात पोकळीला कुणी भीत नसे. हर्षदाच्या पोटातही तशीच एक पोकळी होती, तिच्या लेकराच्या आकाराची. फक्त तिच्यात ओतायला कुणापाशी काही नव्हतं. आणि आज कळत होतं, की पोकळीचा आकारही काठाकाठाने ढासळत चालला आहे.

"पाणवेशीच्या भिंतीला ग्रॅनाइट लावतायत," ती म्हणाली.

"लावू देत की. शहरभर लावलेत."

"आतल्या भिंतीला लावतायत, अहो. रेघांच्या."

केदारचा हात थांबला. मुशीतल्या पितळेची हिरवी ज्योत त्याच्या चेहऱ्यावर हलत राहिली. या घरात त्या एका गोष्टीविषयी तीन वर्षांत जे बोलणं झालं होतं, ते असंच, थांबलेल्या हातांनी.

"आता ओतायला घेतलंय," तो हळूच म्हणाला. "मधे सोडता येत नाही. तू हो पुढं." आणि ती वळल्यावर, "हर्षदा. सापडली तर नुसती हात लावून ये. खरवडू नको काही."

ती निघाली. पिशवीत मेणाची एक वडी, आणि तिचं तिलाच न कळता घातलेलं उलथणं. बोटाला दुर्वा.

करंजपूरने त्या वर्षी आपला इतिहास दगडावर लिहायला काढला होता. शहराचा कसलासा मोठा वाढदिवस होता. चौकाचौकांत, कोपऱ्याकोपऱ्यांवर काळेभोर, आरशासारखे गुळगुळीत फलक उगवले होते आणि त्यांच्यावर सोनेरी अक्षरं. जणू शहराच्या अंगावर जिथे जिथे जुनं दुखणं होतं, तिथे तिथे कुणी दागिना चढवला होता.

चावडीच्या फलकावर लिहिलं होतं, की मोहिमेवर निघालेल्या सरदारांनी येथे मुक्काम केला आणि सोबत घोडदळ होतं. दुर्वाला वाचून हवं होतं. हर्षदाने घाईघाईत वाचून दाखवलं.

"घोड्यांची नावं का नाही लिहिली?"

"मावली नसतील."

"बारीक लिहायची ना मग."

बाजारपेठ उघडत होती. ओल्या गोणपाटांचा, धण्याचा, कालच्या झेंडूचा वास. बारवेच्या काठावर लिहिलं होतं, की दुष्काळात एका सावकाराने लोककल्याणार्थ ती बांधून दिली. डोक्यावरून दगड वाहताना वाटेतच बाळंत झालेल्या बायकांची गोष्ट आळीत अजून सांगत. दगडाने ती ऐकलेली नव्हती. पाणी मात्र निळं होतं, निवांत होतं, तळाशी आभाळ घेऊन पडलेलं होतं.

मुलींच्या शाळेपाशी हर्षदाची पावलं आपोआप मंदावली. ती इमारत पूर्वी दवाखाना होती. प्लेगच्या साथीत शहर रानात जाऊन राहिलं, येथे रुग्णांची सेवा झाली, असंख्य नागरिक दगावले, असं फलक सांगत होता.

असंख्य.

कुणी मोजले नव्हते त्यांना. पण मोजायचे राहून गेले एवढं तरी कुणीतरी कबूल केलं होतं. शंभर-सव्वाशे वर्षं गेली होती, आणि त्या एका शब्दाच्या सावलीत कितीएक आया आपापलं लेकरू घेऊन बसू शकत होत्या. हर्षदाने त्या शब्दावरून बोट फिरवलं. तो गार होता.

"आई, चल ना," दुर्वाने ओढलं. "दुखतंय का तुला?"

"नाही गं. चल."

पाणवेस आली. आणि आत, जिथे वर्षानुवर्षं सावली राहत आली होती, तिथे विजेचा एक भगभगीत दिवा लटकत होता. बांबूंची परांची बांधलेली. सिमेंटची ओली राख सर्वत्र. अर्ध्या भिंतीवर ग्रॅनाइट चढलं होतं. रांगतं पाणी, कमरेचं पाणी, मामंजींचं पाणी, सगळी पाणी दगडामागे गेली होती. आणि कितीएक पिवळ्या रेघा, कितीएक रोखलेले श्वास.

कमानीच्या डाव्या अंगाचा एवढा एक पट्टा उरला होता. होडी बांधायच्या लोखंडी कडीखालचा. मिहिरला तिने तिथेच उभं केलं होतं. कडीखाली. कडीखाली, पण किती खाली?

"ताई, बाजूला व्हा, अंगावर काय पडंल," वरून गवंडी म्हणाला. भीमाप्पा त्याचं नाव. पंधरा दिवस आळीत चहाला येत होता, त्यामुळे तोंडओळखीचा. हर्षदा नुसती उभी राहिली. बायका कशाला येतात ते त्याला या दोन दिवसांत कळून चुकलं असावं. तो खाली उतरला, तंबाखू मळायला लागला आणि नदीकडे पाहत म्हणाला, "मुकादम येस्तोवर बघा काय ते. मी काय बघत नाही."

कमानीच्या पायरीवर कालिंदीकाकू बसल्या होत्या. हर्षदाच्या शेजारच्या घरातल्या, आळीतल्या साऱ्या बाळंतिणींना ज्यांनी न्हाऊ घातलं त्या. काल त्यांच्या नातवंडांच्या रेघांवर दगड चढला होता, आणि आज उगीचच त्या पुन्हा येऊन बसल्या होत्या.

"आलीस का," काकू म्हणाल्या. "कालच यायचंस. माझ्या तिघांना मी हात लावून घेतला. म्हटलं, जा बाबांनो अंधारात, भांडू नका."

हर्षदा भिंतीपाशी गेली.

भिंत पांढरी होती.

त्या पट्ट्यावर एकही पिवळी रेघ नव्हती. पांढरं, सपाट, निर्विकार पांढरं. पावसाळी ढगाच्या पोटासारखं, विधवेच्या जुन्या लुगड्यासारखं, काही म्हणजे काही न आठवणारं पांढरं. तिने तळहाताने चाचपलं. वरून खाली. खालून वर. बोटांना चुन्याचे पापुद्रे लागत होते.

तीन श्रावण. तीन चुने. मेण वर्षभर टिकतं, उन्हाने सुटतं, पाण्याने झिजतं. म्हणून तर दरवर्षी नव्याने भरायचं. हे तिला ठाऊक होतं. तीन वर्षं ती घरात बसून म्हणत होती की रेघ आहे, आणि तीन वर्षं रेघ इथे थराथराने पुरली जात होती.

"काकू," ती म्हणाली. तिचा आवाज तिला अनोळखी वाटला. "तुम्ही दरसाल येत होतात."

कालिंदीकाकूंनी नजर नदीकडे वळवली. नदीवरून एक बगळा गेला.

"दरसाल मनात यायचं गं," त्या म्हणाल्या. "मेणाची वडी हातात असायची. तुझ्या रेघेपाशी हात जायचा. पण आईची रेघ आईनंच भरावी. दुसरीनं भरली तर..." त्यांनी पुढचं वाक्य पदरात बांधल्यासारखं मिटून टाकलं. "म्हटलं, हिला बरं वाटलं की येईल. तिची जागा आपण कशाला घ्यावी. आळीत सगळ्यांनीच असं म्हटलं बघ. सगळ्यांनीच मान राखला तुझा."

मान राखला. प्रत्येकीने, दर वर्षी, हळुवारपणे, रेघ सोडून दिली. हर्षदाने अशुभाच्या भीतीने आणि आळीने मायेच्या संकोचाने. दोन्ही बाजूंनी माणसं मागे सरकली, आणि मधे एवढंसं लेकरू एकटं उभं राहिलं. भिंतीला पाठ लावून, श्वास रोखून, चुन्यात बुडत.

तिने पिशवीतून उलथणं काढलं.

केदारचं बोलणं तिला आठवलं. आठवलं, आणि हात थांबला नाही.

आधी हलकेच. पोळीचा जळका पापुद्रा काढावा तसा पहिला चुना निघाला. पांढऱ्याखाली पांढरंच. मग दुसरा. दुर्वा उकिडवी बसून पडणारे कपचे गोळा करत होती, "हे फूल आहे, हा मासा आहे," असं पुटपुटत. तिसऱ्या चुन्याखाली जुना गिलावा दिसू लागला; भुरकट, पिवळसर, लेकराच्या कातडीसारखा. इथे कुठेतरी. या वितीत, नाहीतर त्या वितीत. उलथण्याचं टोक एका बारीक खाचेत अडकल्यासारखं झालं.

तो गिलावा पुरात आठवडाभर भिजलेला होता. वरून कोरडा, आतून पोखरलेला, केवळ चुन्याच्या आधाराने उभा. चुना गेला तसा त्याचाही धीर सुटला.

एक मऊ, खोल, निःश्वासासारखा आवाज झाला. आणि कडीपासून जोत्यापर्यंतचा सारा पट्टा एकदम भिंतीवरून सुटला, क्षणभर जणू विचार करत थांबला, आणि तिच्या पायांशी येऊन कोसळला.

धूळ उठली. दिव्याच्या झोतात सोनेरी झाली. हळूहळू खाली बसली.

भीमाप्पाने मागे वळून पाहिलं आणि पुन्हा नदीकडे तोंड केलं. काकूंनी डोळे मिटले. "मला पांढरी केलीस," असं दुर्वा हसत म्हणाली आणि आईच्या तोंडाकडे पाहून गप्प झाली.

हर्षदा त्या ढिगाऱ्यात गुडघे टेकून बसली. हातात घेतलं की चूर होत होतं. मूठ उघडली की वाहत होतं. ती चाळत राहिली, तांदूळ निवडावेत तशी, एकेक खडा वेगळा करत. आणि एक तुकडा हातात राहिला, तळहाताएवढा, अखंड.

त्याच्यावर रेघ होती.

त्याचीच. शंकाच नव्हती. कारण ती सरळ नव्हती. मधेच एक खालच्या अंगाला झोका होता तिला. ती खिळा ओढत असताना तो हसला होता. "आई, गुदगुल्या होतात," म्हणून मान खाली घातली होती त्याने, आणि खिळा घसरला होता, आणि ती रागावली होती. ते हसू तिथे होतं. गिलाव्यात, खिळ्याच्या टोकाएवढं खोल, चुन्याचा कण अडकलेलं, मेण न लागलेलं हसू.

तिने वर पाहिलं. भिंतीवर उघड्या विटा होत्या, लालभडक, सालटी निघालेल्या. कडीपासून जोत्यापर्यंत नुसत्या विटा.

रेघ तिच्या हातात होती. आणि रेघ कुठे होती, हे आता कुठेच नव्हतं.

तिने तुकडा विटांवर धरून पाहिला. इथे? की एवढ्याने खाली? तुकडा सगळीकडे बसत होता. प्रत्येक जागी तो खरा वाटत होता, आणि पुढच्या जागी अधिक खरा. विटा काही बोलत नव्हत्या. पुराचं पाणीसुद्धा जिथे थांबलं ती जागा सांगून जातं. लेकरू न सांगता गेलं होतं.

"मुकादम आला वाटतं," भीमाप्पा म्हणाला. दोन माणसांनी शेवटची शिळा उचलून आणली. काळीशार, नितळ, अक्षरं आधीच कोरलेली. विटांवर सिमेंट थापलं गेलं, शिळा चढली, ठोकली गेली, पुसली गेली. पाणवेशीत नवाकोरा अंधार चमकू लागला.

मुकादम चांगला माणूस होता. त्याने धुळीने माखलेल्या बाईकडे पाहिलं आणि काय बोलावं ते न सुचून, पोरीला उद्देशून, फलकावरची शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवली. त्या पुराची ओळ. कमानीच्याही वर चढलेल्या त्या पाण्याची.

"या महापुरात शहराचे अतोनात नुकसान झाले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही."

खरंच होतं ते. पाण्यात कुणी गेलं नव्हतं. पाणी गेल्यावर गेलं होतं.

मुकादमाचा काही दोष नव्हता, दगडाचा नव्हता, अक्षरांचा नव्हता. तिने तुकडा पदरात घेतला. तो इतका हलका होता, की पदराला त्याचा भार लागेना. बाहेर आरुणी वाहत होती. शांत, हिरवट, दुपारच्या उन्हात डोळे मिटलेली, काठावरच्या लव्हाळ्यांना हळुवार थोपटत, एखाद्या निजलेल्या मुलाच्या आईसारखी.

माणसं हत्यारं आवरून गेली. कालिंदीकाकू गुडघ्यावर हात देत उठल्या, हर्षदाच्या डोक्यावरची धूळ त्यांनी पदराने झटकली, आणि चढ चढून निघून गेल्या.

दुर्वा त्या गुळगुळीत काळ्या दगडापुढे उभी होती. दगडात तिला दुसरी दुर्वा दिसत होती; तिच्याएवढीच, तिच्यासारखीच, धुळीची. तिने तिला जीभ दाखवली. मग ती वळली. कुणी शिकवलं नव्हतं, कधी उभं केलं नव्हतं, तरी पाठ दगडाला लावली. टाचा दगडाला. डोकं दगडाला. तिच्या सुटलेल्या केसांमागे सोनेरी अक्षरं झाकली गेली. आपला चिमुकला तळहात तिने टाळूवर सपाट ठेवला आणि तसाच अलगद पुढे काढून हवेत धरला.

"मी एवढी," ती म्हणाली. "दादा केवढा होता गं, आई?"

हर्षदाचा हात उचलला गेला. उताणा नव्हे, पालथा. लेकराच्या डोक्यावर ठेवायला निघालेला. तो पोरीच्या कपाळाशी गेला, थांबला. कानाशी उतरला, थांबला. पुन्हा वर चढला, पुन्हा खाली आला, रिकाम्या हवेवरून अलगद, आंधळा, वर आणि खाली, वर आणि खाली, आणि कुठेच टेकेना.